हळदी-कुंकवातला कुकर निवडणूक खर्चात धरतात का?

खानापूरची_पोर (जून २०२४)
बीकॉमला आहे, रोज खानापूर-बेळगाव बसनं ये-जा. संक्रांतीत आमच्या गल्लीत हळदी-कुंकू झालं. वाण काय, तर तीन लिटरचा कुकर! झाकणावर स्टिकर, त्यात हात जोडलेला भावी उमेदवार. आईनं तो गरम पाण्यात भिजवून खरवडला, पण चिकटा अजून जात नाही, डाळ शिजताना बोटाला लागतो. ७ मेला मतदान झालं, ४ जूनला निकाल. आता वर्गातल्या आम्ही सहाजणी म्हणतोय, खर्चाचा हिशेब मागूया. लोकसभेला उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आहे ना? मग गल्लीतले चाळीस कुकर त्यात येतात का? निवेदन कुणाला द्यायचं? कॉलेजात विचारलं तर सर म्हणाले, "आधी परीक्षा बघा."

कोर्टगल्ली
कुकर त्यात येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ७७ खर्च मोजतं तो अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा. संक्रांतीत तो गृहस्थ कायद्यानं उमेदवारच नव्हता. वाटप आधी उरकतात ते उगाच नाही.
निवेदन देऊन फोटो काढण्यापेक्षा हिशेबच बघा. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला, पडलेल्यालासुद्धा, तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. एक रुपया भरून कुणीही बघू शकतो, नक्कल पाहिजे तर फी वेगळी. ४ जुलैनंतर डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीत जा.

निपाणीचे_काका
वकीलसाहेब, पोरींना चुकीच्या दारात धाडू नका. खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात, पण लोकसभेला उत्तर कन्नड मतदारसंघात! त्या जिल्ह्याचं ठिकाण कारवार, हिशेब तिथं बघावा लागणार.
आणि बाळ, कागद कन्नडमध्ये असतील तर वाचणारी मैत्रीण संगती घे. मराठीतून कागद मिळावेत म्हणून आम्ही जन्मभर मोर्चे काढले, ते बरोबरच होतं. पण हिशेबातले मंडप, जीप, जिलेबी कन्नडमध्ये कशी लिहितात हे काही शिकलो नाही.

टिळकवाडी_७७
९५ लाख फक्त उमेदवाराला. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही, खरी गळती तिथंच आहे. पक्षांना नाव न सांगता देणगी देण्याचे निवडणूक रोखे सुप्रीम कोर्टानं १५ फेब्रुवारी २०२४ला रद्द केले, त्या खटल्यात एडीआर ही निवडणूक सुधारणांसाठी झटणारी संस्था अर्जदार होती. १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी काढलेली. म्हणजे तुमच्या सरांसारखेच सर, फक्त परीक्षेपलीकडे बघणारे.

खानापूरची_पोर
कारवार! हे डोक्यातच आलं नव्हतं. बाबा म्हणाले, एक रुपयाच्या कामाला घाट उतरून जाणार? म्हटलं, कर्नाटकच्या शक्ती योजनेत आम्हा बायकांना सरकारी बसला पैसे पडत नाहीतच, आधार कार्ड तेवढं घ्यायचं. सहापैकी चौघी तयार आहेत, दोघींच्या घरी अजून सांगितलेलं नाही.
काका, शाळेत कन्नड होतं, अडखळत वाचते. जिलेबीला जिलेबीच म्हणतात.