'लेकराला शीला धरणं' चुकीचं आहे का? पॉटी ट्रेनिंगला मराठी शब्द हवाय

लातूरची_लेक: नमस्कार मंडळी. अंगणवाडीत येणाऱ्या आयांसाठी एका माहितीपत्रकाचं मराठी करायलेय, विषय पॉटी ट्रेनिंग. घरात माझं पण पहिलंच लेकरू, दोन वर्षाचं होईल आता, त्यामुळं कामात आन घरात सध्या हाच विषय चालू आहे. मी लिहिलं होतं, 'जेवण झाल्यावर थोड्या वेळानं लेकराला शीला धरावं.' तपासणाऱ्या मॅडमनी 'धरावं'वर लाल रेघ मारली, म्हणे वाचणाऱ्याला वाटेल लेकराला पकडून ठेवायचंय, त्यापेक्षा 'शौच प्रशिक्षण द्यावे' लिहा. आता आमच्या औसा-निलंग्याकडच्या कोणत्या आईला शौच प्रशिक्षण म्हणलं तर कळंल सांगा बरं. आमची आज्जी न्हाणीपाशी पाय पसरून बसायची, दोन पावलांवर लेकराला टेकवायची आन तोंडानं शूऽऽ शूऽऽ करत राहायची, ह्यालाच धरणं म्हणतात. तुमच्याकडं काय म्हणतात? आन शी-शू हे शब्द छापील कागदावर चालतात का?

परभणीकर: धरणं शंभर टक्के बरोबर. 'शूला धर गं त्याला, नाहीतर गोधडी वली करंल' हे आमच्या घरातलं रोजचं वाक्य आहे. मॅडमला म्हणावं एकदा परभणीला या.

भाषाप्रेमी: ताई, बोलताना ठीक आहे. पण पत्रक फक्त लातुरात वाटलं जाणार नाही, ते चंद्रपूरला जाईल, सिंधुदुर्गात जाईल. छापील मजकुरात प्रमाण शब्दच हवेत. शौच हा सभ्य आणि सगळ्यांना समजणारा शब्द आहे, शी-शू ही बाळांची भाषा झाली.

परभणीकर: पत्रक बाळांबद्दलच आहे की भाऊ. आन शौचचा मूळ अर्थ शुद्धी, स्वच्छता. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल बोलायचंय तिचं नावच घ्यायचं नाही, धुण्याचं नाव घ्यायचं, आन ह्याला सभ्य म्हणायचं. २००० साली गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हापासून गावागावात पाट्या लागल्यात, 'हागणदारीमुक्त गाव'. शासनानं स्वतः रंगवून लावलेला शब्द आहे, त्यानं कुणाची सभ्यता गेली नाही. गावातल्या म्हाताऱ्याला पण पाटी वाचून कळलं काय बंद करायचंय ते.

भाषाप्रेमी: पाटीवर शब्द आला म्हणून तो घरात लहान मुलांसमोर वापरावा असं होत नाही. भाषेला काही पातळी असते की नाही?

वॉर्डातली_सिस्टर: मी नांदेडला लेकरांच्या वॉर्डात काम करते म्हणून बोलते, शब्दावर भांडायच्या आधी ह्या दोन गोष्टी एकच आहेत का ते बघा. धरणं हे आईचं काम. लेकरू अगदी तान्हं असल्यापासून आई वेळ ओळखते, झोपून उठलं की धरते, दूध पाजलं की धरते. पॉटी ट्रेनिंगमध्ये ओळखायचं असतं लेकरानं. ते सगळ्या लेकरांत एकाच वयात होत नाही, साधारण १८ महिने ते ३ वर्षं ह्याच्या मधी कधीतरी तयारी दिसायला लागते, दोन-दोन तास चड्डी कोरडी राहते, स्वतः चड्डी खाली ओढता येते, कोपऱ्यात नाहीतर पडद्यामागं जाऊन उभं राहतं. जेवणानंतरची वेळ तुम्ही बरोबर लिहिलीय, पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हलायला लागतं, म्हणून तेव्हा बसवावं, पण बळजबरीनं घट्ट धरून नाही. एकदा कडक शी होऊन दुखलं ना की लेकरू भीतीनं दाबून ठेवतं, दाबल्यानं ती अजून कडक होते आन मग आम्हाला दाखवायला आणतात. रात्रीचं कोरडं राहणं तर सगळ्यात शेवटी येतं, पाच वर्षांच्या आतल्या लेकरानं झोपेत अंथरूण वलं केलं तर त्याला आजार म्हणत नाहीत, मारू नका म्हणून हे पत्रकात नक्की लिहा.

लातूरची_लेक: सिस्टर खूप खूप धन्यवाद, शेवटचं तर ठळक अक्षरात टाकते. पण मग आईच्या कामाला धरणं, आन लेकराच्या कामाला काय?

अंबाजोगाईची_आत्या: त्याला शब्द आहे की बाई, आपण सगळ्या रोज वापरतो. सांगणं. दोन बाया भेटल्या की पहिलं हेच इचारतात, 'सांगायलंय का आता?' 'नाही ओ, अजून सांगत नाही.' काय सांगतं हे कुणी बोलत बी नाही, सगळ्यांना कळतंच. माझ्या दोन्ही नातवंडांचं मी बघितलंय, आधी लेकरू म्हणतं 'शी झाली', चड्डीत करून मोकळं झाल्यावर. मग काही दिवसांनी मधीच थांबून म्हणतं 'शी व्हायली'. आन मग एक दिवस म्हणतं 'शी आली', तेव्हा आईनं हातातलं काम टाकून पळायचं. झालीपासून आलीपर्यंत आणायचं, एवढंच शिकवणं असतं ते. 'झाली' म्हणलं तरी त्याला शाबास म्हणावं, कारण कळायला तर लागलंय ना त्याला.

वॉर्डातली_सिस्टर: आत्या अगदी बरोबर. आधी झाल्यावर कळतं, मग होताना, मग होण्याआधी, हाच क्रम असतो.

गोदाकाठ: 'शी' शब्दावरच माझा आक्षेप आहे. किळस आली की आपण 'शी!' म्हणतो आन लेकराच्या पोटातून जे निघतं त्याला बी शीच म्हणतो. मग त्याला वाटणारच आपण काहीतरी घाण केलं, म्हणून ते लपून करतं.

परभणीकर: किळसेची शी वेगळी आन ही वेगळी. शू जसा आवाजावरून आला तशी तिला जोडीला शी आली असं माझं मत.

गोदाकाठ: आवाजावरून शी कशी येईल? पटत नाही. जुने लोक कधी किळस आणून बोलायचे नाहीत, आमचे आजोबा पायखाना म्हणायचे. फारसी शब्द, पाय म्हणजे पायच आन खाना म्हणजे घर. १९४८ पर्यंत इकडं निजामाचं राज्य, कचेरीची भाषा उर्दू, तिथून घराघरात आला. संडास तर नंतरचा.

भाषाप्रेमी: संडास नंतरचा कशावरून? मला तर तो जुनाच वाटतो. आणि शुद्ध मराठी शब्द हवा असेल तर आपल्याकडे परसाकडे जाणे आहे, बहिर्दिशेस जाणे आहे.

लातूरची_लेक: फ्लॅटमधल्या लेकराला परसाकडं जा कसं म्हणायचं दादा? परसच राहिला नाही. कमोडवर छोटं सीट लावून बसवायलेत सगळे. मला उद्या पत्रक द्यायचंय, 'शी-शू सांगायला शिकवणं' असं शीर्षक ठेवू का? मत द्या प्लीज.

पैठणचा: उशिरा आलो, वरचं सगळं वाचलं. शुद्ध आणि जुनं म्हणताय तर लीळाचरित्रात बघा. चक्रधरस्वामी विधीला गेले की तिथं 'परिश्रय' शब्द येतो. आमचं घर महानुभाव पंथाचं, त्यामुळं हा शब्द लहानपणीच कानावर पडला. तेराव्या शतकातल्या मराठीत, तिकडं विदर्भात रिद्धपूरला, देहधर्माबद्दल न लाजता आन किळस न करता लिहून ठेवलंय.

गोदाकाठ: वा! हे माहीत नव्हतं. परिश्रय म्हणजे श्रमावरून का?

पैठणचा: नाही, श्रम नाही, श्रय. आश्रय शब्दातला. म्हणजे आडोसा, असं मी समजतो.

भाषाप्रेमी: आडोसा असेल तर मग माझंच म्हणणं खरं ठरतं. त्या काळीही थेट शब्द टाळून जागेचंच नाव घेत होते. सभ्यता म्हणतात ती हीच.

परभणीकर: जागेचं नाव घेणं वेगळं आन संस्कृत प्रशिक्षण लावणं वेगळं. शाळेत आम्ही करंगळी वर करून 'सर, एकीला जाऊ?' म्हणायचो, त्यात जागा बी नाही आन संस्कृत बी नाही, तरी पूर्ण सभ्य.

अंबाजोगाईची_आत्या: आमच्या शाळेत एकी-दुकी नव्हतं, 'बाई, बाहेर जाऊ का' म्हणायचो. एकीला हे कुठकुठं म्हणतात? बीडकडचे कुणी आहेत का?