परिवार ग्रुप : लिमात आषाढीचा उपवास

आत्या : पोचलीस का गं? उद्या आषाढी. तिकडे उपवासाला काही मिळणार आहे का? नाहीतर नुसती फळं खा, रिकाम्या पोटी भटकू नकोस.

ताई : पोचले आत्या, पेरू देशाच्या राजधानीत, लिमात. उपवासाची काळजीच करू नकोस. तुझ्या फराळाच्या ताटातलं बहुतेक सगळं मूळचं अमेरिका खंडातलंच आहे. रताळं, शेंगदाणे, मिरची, साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा. बटाटा तर खास इथल्या अँडीज डोंगरातला. युरोपातल्या दर्यावर्दींनी हे सगळं आपल्यापर्यंत आणलं.

आत्या : म्हणजे आधी उपवासाला काय खात असतील आपल्याकडे?

काका : वरी, शिंगाडा, कंद, दूध, फळं. ताई, बाजारात जाऊन ये आणि नीट लिही. फोटो नकोत, ते दिसत नाहीत माझ्या फोनवर.

ताई : काका, आत्ताच सुर्कीयोच्या बाजारातून आले. आम्ही उतरलोय लिमाच्या मिराफ्लोरेस भागात, तिथून चालत जाता येतं. बटाट्याचं एक दुकान बघतच राहिले. पिवळा, जांभळा, काळपट सालीचा, बोटाएवढा लांबुळका, गाठीगाठींचा, प्रत्येक ढिगावर नावाची पाटी. पिवळा शिजला की पिठूळ होतो, त्याचा ‘काउसा’ करतात. बटाटा कुस्करायचा, त्यात लिंबू, मीठ, तेल आणि ‘आही आमारीयो’ ही केशरी मिरची वाटून घालायची, मळून थर लावायचे आणि थंडच खायचा. आत कोंबडी किंवा ट्यूना भरतात. मी नुसता बटाटा आणि आवाकाडो मागितला, दिला करून.
पुढच्या गाळ्यावर ‘चुन्यो’ होता. उंच डोंगरात रात्रीच्या कडाक्यात बटाटे उघड्यावर गोठवतात, दिवसा उन्हात पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढतात, असं काही दिवस चालतं. मग खडखडीत वाळलेला हलका गोळा उरतो, तो वर्षानुवर्षं टिकतो. इथे पूर्वी साम्राज्य असलेल्या इंका लोकांच्या कोठारांत हाच भरलेला असायचा. हातात घेतला तर वजनच लागेना.
आणि आत्या, राजगिरा! इथे ‘किविचा’ म्हणतात. त्याच कुळातला दाणा, लाह्या करून मधात वड्या पाडलेल्या. उद्याची सोय झाली.

आत्या : बरं झालं बाई. विठ्ठलाला काळजी.

वहिनी : ताई, आम्हा शाकाहारी माणसांचं काय? हे म्हणतात डिसेंबरात जाऊ.

ताई : जमेल, पण वहिनी, नुसतं ‘सिन कार्ने’ म्हणजे ‘मांस नको’ म्हणू नका. त्यांच्या लेखी कार्ने म्हणजे लाल मांस, कोंबडी घालून आणतील. ‘सिन पोयो, सिन पेस्कादो’, कोंबडी नको, मासा नको, हेही सांगायचं. ‘पापा आ ला उआंकाइना’ चालेल तुम्हाला, उकडलेल्या बटाट्यावर चीज-मिरचीची दाट चटणी असते. उपवासाला मात्र नाही, चटणीत बिस्किटं वाटतात. संध्याकाळी गाडीवर ‘पिकारोनेस’ खा. लाल भोपळा आणि रताळ्याचं पीठ आंबवून गोल कडी तळतात, वर गुळाचा पाक. आपले घारगेच, फक्त मधे भोक आणि आत जाळी.

दादा : मला सेविचेबद्दल सांग. कच्चा मासा खाल्लास खरंच?

ताई : काल दुपारी खाल्ला. दुपारीच खायचा असतो, सेविचेच्या चांगल्या खाणावळी संध्याकाळच्या आत बंद होतात. समुद्राच्या माशाचे तुकडे, वरून आपल्या कागदी लिंबासारख्याच छोट्या लिंबांचा ताजा रस, मीठ, तिखटजाळ मिरची, कोथिंबीर, उभा पातळ चिरलेला लाल कांदा. बाजूला उकडलेलं रताळं आणि टपोऱ्या दाण्यांचा मका. मासा रसाने पांढरा आणि घट्ट होतो, पण आच लागलेली नसते हे लक्षात ठेव. म्हणून जिथे गर्दी आहे आणि मासा त्याच सकाळचा आहे, तिथेच बसायचं. वाटीत उरलेला पांढरट आंबट-तिखट रस लोक पितात, मीही प्यायले. मालवणात वाढलेल्या माणसाला हे शहर लगेच आपलं वाटतं. सेविचेच्या परंपरेला २०२३ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली, ती योग्यच आहे.

काका : खाणं झालं. जुनं काय पाहिलंस?

ताई : काका, तुम्हाला वाका पुक्याना आवडेल. मिराफ्लोरेसच्या इमारतींच्या मधोमध कच्च्या विटांचा प्रचंड उंचवटा, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा, इंकांच्या कितीतरी आधीचा. विटा आडव्या नाहीत, उभ्या लावल्यात आणि मधे फटी सोडल्यात. भूकंपात भिंत थोडी हलते, कोसळत नाही. पाऊस जवळजवळ नसल्यामुळे माती टिकली.
लार्को संग्रहालयाला अर्धा दिवस द्या. इंकांच्याही आधीच्या मोचे लोकांची मातीची भांडी, माणसांचे चेहरे असलेली. एकेक चेहरा वेगळा, ओळखीच्या माणसासारखा. बटाट्याच्या आकाराचीही भांडी आहेत. त्याच मोचेंच्या एका सरदाराची कबर उत्तरेला सिपानला १९८७ मध्ये सापडली, त्याच्या गळ्यात सोन्या-चांदीच्या भुईमुगाच्या शेंगांचा हार होता. तो हार लांबायेकेच्या संग्रहालयात आहे, इथे नाही.
जुन्या शहरात प्लासा मायोर हा मुख्य चौक, कॅथेड्रलमध्ये स्पॅनिश सरदार पिसारोची कबर. १५३५ मध्ये शहर वसवलं त्याने. शेजारच्या सान फ्रान्सिस्को मठाच्या तळघरात हाडं वर्तुळात मांडून ठेवलीत. मला तिथे थांबवेना.

दादा : लोक तर सांगतात लिमात एक रात्र काढा आणि माचू पिचू हे इंकांचं डोंगरातलं जुनं शहर बघायला कुस्कोला पळा.

ताई : तसं अजिबात करू नका. इथलं जेवण खायलाच चार दिवस हवेत, आणि बारांको भागातल्या गल्ल्या, कड्यावरची समुद्राकाठची बाग हे पायी बघायचं असतं. फिरायला मेट्रोपोलितानो बस बरी, तिला वेगळी मार्गिका आहे, कार्ड भरून घ्यायचं. रस्त्यावरच्या टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं ठरवा. नळाचं पाणी पिऊ नका.

वहिनी : डिसेंबरात हवा कशी असते?

ताई : लिमात छान ऊन. आत्ता मात्र दिवसभर राखाडी आभाळ आणि ‘गारुआ’ म्हणजे भुरभुर. समुद्रातल्या थंड प्रवाहामुळे ढग साचतात, पण वर्षाचा पाऊस जेमतेम एक-दोन सेंटीमीटर. पण माचू पिचूला डिसेंबर ते मार्च पावसाळा. दोन्ही साधायचं तर एप्रिलचा शेवट किंवा मे.

वहिनी : मग मे. मुलांना सुट्टीही असते.

दादा : ठरलं. काका, तुम्ही येताय का?

काका : गुडघ्याचं डॉक्टरांना विचारून सांगतो. लिमापर्यंत तरी येईन.