ग्रेड ३ रिफ्लक्स: किडनी नेमकी कशाने खराब होते?

सायंतारा
पुतणी १४ महिन्यांची. ३९.५ सेल्सियस ताप आला, लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायची तपासणी) ई. कोलाय जंतू निघाले, औषधाने ताप उतरला. नंतरच्या एमसीयूत (मूत्राशयात रंगद्रव्य भरून लघवी करताना काढतात तो एक्स-रे) डाव्या बाजूला ग्रेड ३ रिफ्लक्स, म्हणजे लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे जाणं, दिसला; ग्रेड १ ते ५ असतात. सोनोग्राफी नॉर्मल. आता पुन्हा इन्फेक्शन होऊ नये म्हणून रोज रात्री कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक चालू आहे. लघवी उलटी वर चढते एवढ्यानेच किडनी बिघडते, की इन्फेक्शनमुळे? आणि सोनोग्राफी नॉर्मल असताना डीएमएसए स्कॅन कशाला सांगितला असेल?

उंबरझरा
मूत्रवाहिनी (किडनीतून लघवी आणणारी नळी) मूत्राशयाच्या भिंतीतून सरळ नाही, तिरपी आत शिरते. मूत्राशय भरला की भिंतीतला तो बोगदा दाबला जाऊन बंद होतो. बोगद्याची लांबी नळीच्या रुंदीच्या साधारण पाचपट लागते. जन्मतः तो आखूड असला की लघवी करताना, दाब वाढला की, उलटा प्रवाह सुरू. मूल वाढतं तसा बोगदाही लांबतो, म्हणूनच ग्रेड १-२ बहुतेकदा आपोआप जातो.

नुसती जंतुविरहित लघवी कमी दाबाने वर गेली तर सहसा वण पडत नाहीत. त्या प्रवाहावर स्वार होऊन जंतू वर गेले की खरं नुकसान. किडनीतल्या बहुतेक पॅपिला (जिथून लघवी बाहेर पडते ते उंचवटे) टोकदार असतात आणि त्यांची तोंडं फटीसारखी, दाब आला की मिटणारी. वरच्या आणि खालच्या टोकाला मात्र जोड पॅपिला असतात. त्यांची तोंडं पसरट, उघडीच राहतात. तिथून जंतू थेट किडनीच्या गाभ्यात घुसतात. स्कॅनवर वण बहुधा टोकांनाच दिसतात ते याचमुळे. आणि गंमत पाहा, नासधूस एकट्या जंतूंची नसते. त्यांना मारायला धावलेल्या पांढऱ्या पेशी जी रसायनं सोडतात त्यांनी आसपासचा भाग सुजतो, रक्तपुरवठा आवळतो आणि तिथे तंतुमय वण बनतो. गेलेले नेफ्रॉन (किडनीतल्या सूक्ष्म गाळण्या) परत येत नाहीत. उरलेल्यांवर ताण वाढतो, आणि वण मोठे किंवा दोन्ही बाजूंना असतील तर पुढे रक्तदाब, लघवीतून प्रथिनं, किडनी निकामी होणं, हा क्रम लागू शकतो.

सोनोग्राफीत आकार आणि सूज कळते, छोटे वण निसटतात. डीएमएसए हे शिरेतून टोचायचं किरणोत्सर्गी द्रव्य चालू किडनीपेशींमध्ये साठतं, त्यामुळे वण रिकामी जागा म्हणून दिसतो. पण हा स्कॅन इन्फेक्शननंतर ४ ते ६ महिन्यांनी करा. लगेच केला तर तात्पुरती सूजही तशीच दिसते आणि उगाच घाबरायला होतं.

पांगारा
वण पडणं-न पडणं बऱ्याच अंशी ताप आल्यापासून योग्य अँटिबायोटिक सुरू होईपर्यंत किती वेळ गेला यावर असतं. दोन-तीन दिवस गेले की धोका वाढतो. त्यामुळे सर्दी-खोकल्याशिवाय ३८ च्या वर ताप आला की त्याच दिवशी लघवी तपासा, आणि नमुना औषधाच्या आधी. एक-दोन डोस पोटात गेले तरी कल्चर खोटं निगेटिव्ह येऊ शकतं.

पिशवी चिकटवून घेतलेला नमुना कल्चरला देऊ नका, त्वचेचे जंतू मिसळतात. या वयात कॅथेटरने घेतलेला उत्तम. तासाभरात लॅबला पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ४ अंशाला ठेवा. खोलीच्या तापमानाला राहिला की जंतू वाढतात आणि आकडा फसवा येतो.

अजून एक घोळ नेहमी होतो. नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक मूत्राशयात काम करतं, किडनीच्या पेशींत पुरेसं पोचत नाही. तापाच्या इन्फेक्शनवर ते देणं म्हणजे वेळ घालवणं.

गव्हाळ
रात्रीच्या डोसबद्दल: २०१४ च्या रिव्हर चाचणीत (६०७ मुलं, दोन वर्षं) रोजच्या डोसने तापाची आणि इतर इन्फेक्शनं निम्म्यावर आली, पण नवे वण औषधाच्या आणि खोट्या औषधाच्या, दोन्ही गटांत जवळपास सारखेच. म्हणजे डोस चालू आहे म्हणून ताप दुर्लक्षित करायचा नाही. उलट डोस चालू असताना इन्फेक्शन झालं तर जंतू त्या औषधाला दाद न देणारे असण्याची शक्यता जास्त, तेव्हा तोच डोस वाढवून उपयोग नाही.

मात्रा ट्रायमेथोप्रिमच्या (कोट्रायमोक्साझोलमधल्या दोन औषधांपैकी एक) हिशेबाने किलोला २ मिग्रॅपर्यंत. ५ मिलीत ४० मिग्रॅ असलेल्या सस्पेन्शनचं १० किलोच्या बाळाला जास्तीत जास्त २.५ मिली. बाटलीवरची ताकद मात्र वाचा. झोपताना देतात कारण रात्रभर लघवी मूत्राशयात थांबते.

बद्धकोष्ठ असेल तर आधी ते निस्तरा. भरलेलं गुदाशय मूत्राशयाला दाबतं, लघवी पूर्ण होत नाही. हे सोडून नुसती औषधं चालू ठेवणं मला तरी पटत नाही.

सायंतारा
आभार. चार वर्षांच्या मोठ्या भावाचीही एमसीयू करायची का?

उंबरझरा
भावंडांत साधारण चौघांपैकी एकाला रिफ्लक्स सापडतो, पण लक्षण नसताना एमसीयूची गरज नाही. सोनोग्राफी पुरे, आणि ताप आला की लघवी. मात्र त्याची धार बारीक असेल, थेंब-थेंब होत असेल, तर थांबू नका. मुलग्यांमध्ये मूत्रमार्गात जन्मजात पडदा असू शकतो, आणि तिथे दाबच किडनी बिघडवतो, इन्फेक्शनची वाट न पाहता.

पुतणीच्या स्कॅनमध्ये वण निघाले तर दरवर्षी रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं बघा. दंडाला बांधायचा पट्टा (कफ) लहान मुलांचाच हवा, आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के. अरुंद कफ रक्तदाब खोटा जास्त दाखवतो, मोठ्यांचा लावला तर खोटा कमी.