फ्रेटच्या कडेला हिरवं आलंय, फिंगरबोर्डला खोबरेल चालेल का?

खारी_हवा (देवगड)
इलेक्ट्रिक गिटार, रोझवुडचा फिंगरबोर्ड (मानेवरची बोटं दाबायची फळी), २२ फ्रेट (तिच्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या), तरंगता ब्रिज (तारा अडकवायचा, मागे स्प्रिंगा असलेला). अख्खा पावसाळा गिग बॅगेत होती. फ्रेटच्या कडांना हिरवट थर आलाय, बोर्डावर पांढुरके डाग, तार वाकवली की खरखरते. घरचे म्हणतात, लाकूड सुकलंय, घाण्याचं खोबरेल लाव. लावू का? दुसरी गिटार मेपल लाकडाच्या मानेची आहे, तिलाही हेच?

बावीस_फ्रेट
खोबरेल अजिबात नको. काही महिन्यांत खवट होतं, चिकटतं आणि वर धूळ धरतं. शेंगदाण्याचं, तिळाचं, सगळ्यांचं तेच. आणि देवगडात पावसाळ्यात लाकूड सुकेल कसं? पांढरं दिसतंय ती बुरशी आहे.

हिरवं म्हणजे कळक. फ्रेटची पट्टी जर्मन सिल्व्हरची, तिच्यात चांदी नावालाही नाही. तांबं, जस्त आणि निकेल. घाम आणि खारी हवा लागली की पितळेच्या भांड्यासारखीच कळकते. म्हणून कोणी चिंच-मीठ सुचवेल, पण ते फ्रेटच्या खाचेत मुरतं आणि धातू आतून खात राहतं.

आधी बुरशी अंगणात कोरड्या फडक्याने पुसा, घरात झटकू नका. मग तारा काढा. लायटरमध्ये भरायचं फ्लुइड फडक्यावर घेऊन मळ सोडवा. थेट बोर्डावर ओतू नका आणि आसपास समई, उदबत्ती, गॅस काही पेटलेलं नको. फ्रेटच्या कडेचा मळ खराट्याच्या हिराने काढा. हीर रोझवुडपेक्षा मऊ, ओरखडा पडत नाही; स्क्रू ड्रायव्हरने हमखास पडतो.

फ्रेटसाठी ०००० नंबरचं स्टील वूल. भांड्यांची तारेची घासणी नव्हे, ती फार जाड! दोन फ्रेटमधलं लाकूड मास्किंग टेपने झाका. पिकअपवर (तारांखालचे, आवाज पकडणारे चुंबक) तर टेप लावाच, नाहीतर लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटतो आणि निघता निघत नाही. उरलेला कीस ब्रशने काढा, आपल्या हवेत चार दिवसांत गंजून त्याचे तपकिरी ठिपके पडतात.

सहावी_तार
वरच्याशी सहमत, फक्त तेलाबद्दल थोडं. फ्लुइड उडून गेलं की लाकूड फिकट दिसतं, तेव्हा तेल घालताना हात सैल सुटतो. अख्ख्या बोर्डाला मिनरल ऑइलचे ५-६ थेंब पुरे, तेही फडक्यावर. पाच मिनिटांनी कोरडं पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा पुसा. किनाऱ्यावर वर्षातून एकदा बस झालं, पावसाळा सरल्यावर. ‘लेमन ऑइल’ म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा वास घातलेलं मिनरल ऑइलच असतं. औषधाच्या दुकानातलं साधं लिक्विड पॅराफिन चालतं. पोट साफ व्हायचं दुधाळ मिश्रण मात्र उचलून आणू नका, त्यात इतरही बरंच असतं.

मेपलवर बहुतेक वेळा लॅकरचा थर असतो, तिथे तेल मुरतच नाही, वर नुसतं ओशट बसतं. किंचित ओलं फडकं, लगेच कोरडं फडकं, झालं. स्टील वूल नको, चकाकी जाते.

खारी_हवा
समजलं. पण सगळ्या तारा एकदम काढल्या तर ब्रिज आत जाईल ना? आणि खालच्या फ्रेटवर बझही (तार फ्रेटला घासून झणझणणं) येतोय.

बावीस_फ्रेट
जाईल. तारांचा ताण गेला की मागच्या स्प्रिंगा ब्रिज ओढतात. काढायच्या आधी ब्रिजच्या मागच्या कडेखाली जाड घडी घातलेलं फडकं दाबून ठेवा.

बझचं तारा चढवून ट्यून केल्यावर बघा, तोवर ट्रस रॉडला (मानेतली, तिचा बाक ठरवणारी सळई) हात लावू नका. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट मोजा: ०.२ ते ०.३ मिमी हवी. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचा संच) नसेल तर मोटारसायकल गॅरेजात मागा, टॅपेट लावायला तेच वापरतात. फट कमी असेल तर ट्रस रॉडचा नट सैल, जास्त असेल तर घट्ट, एका वेळी पाव फेरा. अडलं तर जोर लावू नका.

सहावी_तार
आणि गिटार पुन्हा त्या बॅगेत घालू नका, फोम ओल धरून ठेवतो. हार्ड केस असेल तर २०० ग्रॅम सिलिका जेल, नारिंगी रंगाचं. निळं नको, त्यात कोबाल्ट असतं. नारिंगी जेल ओल धरून हिरवं पडलं की वाळवायला ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास.