मदत हवी आहे: दोन नोकऱ्या करतेय, एक सोडायची तर कुठली?

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, पण परवाच्या रात्रीनंतर राहवलं नाही.

मी वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात काम करते. सात तासांच्या सहा शिफ्ट, आठवड्याचे ४२ तास. त्यात घर भागत नाही म्हणून दीड वर्षापासून व्हिडिओंना सबटायटल्स लिहिते, आठवड्याला साधारण १४ तास. तासाच्या हिशेबाने सबटायटल्सचे पैसे जवळजवळ दुप्पट पडतात.

परवा रात्री एका आजींच्या गोळ्यांची वाटी मी शेजारच्या खाटेवरच्या आजींसमोर धरली. "या माझ्या नाहीत गं," म्हणून त्यांनीच हात मागे घेतला, म्हणून निभावलं. दुपारभर सबटायटल्स करून तशीच कामावर गेले होते. सलग १७ तास जागं राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा मंदावतो, असं १९९७ च्या एका प्रयोगात दिसलं होतं. हे मला आधीपासून माहीत होतं, तरी गेले.

भाऊ म्हणतो, शुश्रूषा सोड, बाजार सांगतोय तुझं कुठलं काम मोलाचं आहे. मला हे पटत नाही. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये मजुरीतल्या फरकाची जी कारणं दिली, त्यात काम किती नकोसं आहे आणि माणसावर किती विश्वास टाकावा लागतो, ही दोन आहेतच. अंथरुण ओलं झालेल्या माणसाला रात्री तीनला न लाजवता स्वच्छ करणं यात दोन्ही येतं. मग पैसे कमी का? मला वाटतं, हे काम घरोघरी बायका फुकट करत आल्या म्हणून त्यात कौशल्य असतं हेच कुणी धरत नाही. शिवाय ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच हातात पैसा नसतो. सबटायटल्सचं काम हलकं आहे असं मला म्हणायचं नाही, त्यालाही कान आणि भाषा लागते. पण दुप्पट?

मला शुश्रूषा सोडायची नाही. पगारवाढ मागायची तर कशाच्या आधारावर मागू? वरिष्ठांचं ठरलेलं उत्तर आहे, "सगळीकडे एवढंच देतात." कुणी अशी बोलणी केली असतील तर सांगा.

प्रतिसाद

ताई, आधी झोपेचं बघा. तुमचे ५६ तास होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अभ्यासात, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त आढळला. रात्रपाळीच्या दिवशी सबटायटल्स पूर्ण बंद ठेवा.

बोलणीचं म्हणाल तर "माझं काम मोलाचं आहे" एवढ्यावर थांबू नका. कामाचं मूल्यमापन करताना कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती हे चार निकष लावतात. त्याच केंद्रातल्या दुसऱ्या एखाद्या पदाशी या चारांवर तुलना करून कागदावर न्या. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५१ च्या १०० क्रमांकाच्या करारात स्त्री-पुरुषांना "समान मूल्याच्या कामाला समान वेतन" हे तत्त्व आहे. काम एकच असायला हवं, असं त्यात नाही. आणि पगार न मिळणारी मिनिटं मोजा. शिफ्ट बदलताना हँडओव्हरला किती वेळ जातो? तो मागणं सर्वांत सोपं, कारण तिथे वाद मताचा नसतो, घड्याळाचा असतो. त्याआधी नेमणूकपत्रात दुसऱ्या कामाला मनाई आहे का, तेही वाचून ठेवा.

धागाकर्ती

मनापासून आभार. नेमणूकपत्रात मनाई नाही. हँडओव्हर आठवडाभर लिहून ठेवलं: दर शिफ्टला सरासरी २५ मिनिटं, आठवड्याला अडीच तास. वर्षाचे सव्वाशेच्या आसपास तास होतात, म्हणजे तीन आठवड्यांचं काम बिनपगारी. रात्रपाळीच्या दिवशीची सबटायटल्स बंद केली आहेत, पैशांची ओढाताण होईल ती होईल.

आता एकच विचारायचंय. बाकीच्या सहकाऱ्यांचीही मिनिटं भरतात. एकटीने अर्ज देऊ की सगळ्यांच्या सह्या घेऊन? दोघीजणी सही करायला घाबरतात आणि त्यांची नोकरी माझ्यामुळे अडचणीत यावी असं मला नको आहे.