उतारगाडी डावीकडे ओढते, वेगही धरत नाही. बेअरिंग बदलू का?

तृतीय_मेक, पुणे
कॉलेजच्या उतारगाडी शर्यतीसाठी गाडी बनवतोय. इंजिन नाही, पेडल नाही. १ इंची चौकोनी पाइपची चासी, सायकलची २० इंची चार चाकं, मधल्या बोल्टवर फिरणारा पुढचा आस, दोरीचं स्टिअरिंग. चालकासकट ११० किलो. सरळ उतार, ५ मीटर उंचीचा. तळाशी जेमतेम २० किमी वेग. नाना पेठेतून भारीतली बेअरिंगं आणावीत का?

नटबोल्ट
आधी दोरा आणि टेप घ्या. ५ मीटरवरून, काहीच घर्षण नसतं तर, ३५ किमी मिळाले असते. एवढी तूट बेअरिंग एकटं खात नाही. चालक बसलेला असताना (पाइप दबतो म्हणून) पुढच्या दोन चाकांमधलं अंतर आसाच्या उंचीवर पुढून आणि मागून मोजा. फरक २ मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर टायर लोळत नाही, फरफटतो. पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतरही डावी-उजवीकडे सारखं हवं. हवा टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्याच्या जवळ ठेवा.

आउट_काढा
चाक एकाच बाजूनं धरलंय का? सायकलचा आस दोन्ही बाजूंनी आधार मिळेल असा बनवलेला असतो. एका बाजूनं टांगला की वाकतो आणि चाकाचा माथा आत झुकतो. दोन्हीकडे पट्टी द्या. शिवाय सायकल वळताना कलते, गाडी कलत नाही. सगळा आडवा जोर स्पोकवर येतो आणि रिमला आउट येतो, म्हणजे ती फिरताना डुलते. जुन्या बाजारात (बुधवारी, रविवारी भरतो) चाक घेताना फिरवून बघा.

तृतीय_मेक
हो, एकाच बाजूनं धरलंय. आणि वजन वाढवलं तर?

नटबोल्ट
फायदा फक्त हवेच्या विरोधापुरता. टायरचं घर्षण वजनासोबतच वाढतं. आधी पट्ट्या लावा.

ब्रेकवाला
डावीकडे ओढतेय म्हणजे डावा ब्रेक घासत असेल. चाक उचलून हातानं फिरवा. एका पेडलवरून दोन्ही मागच्या चाकांना ब्रेक द्या आणि केबलींचा ताण सारखा ठेवा. एकाच चाकाला ब्रेक दिला तर दाबताच गाडी फिरेल. दोरी नायलॉनची नको, ताणते. सायकलची स्टील केबल घ्या. तळाला थांबायला निदान ३० मीटर सपाट मोकळी जागा सोडा.