शब्दचर्चा: गाळा विकत घेणारा 'ग्राहक' असतो का?

गोलाईकर:
प्रकरण माझ्या वहिनीचं आहे पण अडलंय एका शब्दावर, म्हणून विचारायलोय. वहिनी लातूरला ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते, घराच्या पुढच्या खोलीत दोन मशीन अन एक इंटरलॉक, बायका उंबऱ्यात बसून माप देतात. तिनं एका नव्या कॉम्प्लेक्समधी खालचा गाळा बुक केला, 14 लाख भरले त्यातले निम्मे कर्जाचे, ताब्याची तारीख कवाच उलटली अन बिल्डर आपला दिवाळीनंतर बघू, पाडव्याला चावी देऊ असं करायलाय. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली तर त्याच्या वकिलानं लेखी म्हणण्यात पहिलाच मुद्दा घेतला की तक्रारदार 'ग्राहक'च नाही, करारनाम्यात 'व्यापारी गाळा' लिहिलंय. आता मला सांगा, पैसे मोजतो तो गिऱ्हाईक, एवढं तर शेंगा विकणाराबी सांगल. मग कायद्यातला ग्राहक कोण असतो?

जालना_मोंढा:
दादा तो वेगळाच असतो. आमच्या ओळखीच्या एका अडत्यानं चार गाळे घेतले होते, तीन भाड्यानं द्यायला अन एक भाव वाढला की विकायला, त्याची तक्रार ह्याच मुद्द्यावर फेटाळली गेली. व्यापारी म्हणलं की संपलं. वहिनीला सरळ महारेरात, म्हणजे बिल्डर लोकांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात जायला सांगा.

पूर्णाकाठ:
मोंढेवाले दादा, अडत्याचं बरोबर सांगितलं पण त्याच्यावरून वहिनीचं ठरवू नका, दोन्ही प्रकरणं एकदम वेगळी आहेत आणि हाच घोळ करून बिल्डर लोक साध्या माणसाला घाबरवतात याचा मला फार राग येतो.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम 2(7) मध्ये व्याख्या आहे. मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा तो ग्राहक, पण पुन्हा विकण्यासाठी किंवा 'व्यापारी प्रयोजना'साठी घेणारा नाही. आता वाद सगळा ह्या 'व्यापारी प्रयोजन' शब्दाचा. त्याला खाली स्पष्टीकरण जोडलंय, की स्वयंरोजगारातून फक्त स्वतःची उपजीविका करण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरली तर ते व्यापारी प्रयोजन धरायचं नाही. म्हणजे गाळ्याच्या दारावर किंवा करारात काय लिहिलंय ते बघत नाहीत, त्यात बसून कोण काय करणार ते बघतात.

हे काही आजचं नाही. 1995 ला सुप्रीम कोर्टानं लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात फोड करून सांगितलं, रिक्षा घेऊन स्वतः चालवणारा ग्राहक आहे, तीच रिक्षा दुसऱ्याच्या हातात देऊन नुसती कमाई घेणारा नाही. गाळ्याचंही तसंच धरा. आणि अगदी गाळ्या-ऑफिसच्या जागेवरचाच निकाल पाहिजे असल तर रोहित चौधरी विरुद्ध विपुल लिमिटेड, सप्टेंबर 2023. गुरुग्रामकडं व्यापारी जागा बुक केली होती, राष्ट्रीय ग्राहक आयोगानं तक्रारदार ग्राहक नाही म्हणून परत पाठवलं, सुप्रीम कोर्टानं ते फिरवलं. तक्रारीत त्यांनी स्वयंरोजगारासाठी, पोटापाण्यासाठी घेतोय असं लिहिलेलं होतं आणि ते खोटं आहे असं दाखवणारं समोरच्याकडं काही नव्हतं.

गोलाईकर:
हे वाचून जीवात जीव आला. पण अजून एक, लग्नसराईत वहिनी एक पोरगी मदतीला ठेवती, हुक-काज करायला. त्याच्यावरून तो वकील म्हणंल की बघा नोकर ठेवले, धंदा आहे.

पूर्णाकाठ:
म्हणू द्या. त्याच 1995 च्या निकालात आहे की एक-दोन माणसं मदतीला घेतली म्हणून स्वयंरोजगार जात नाही. कात्री वहिनीच्या हातात आहे ना, मग झालं.

धाराशिवची_ताई:
मी ह्याच कामात आहे म्हणून एक बारीक गोष्ट सांगते, कारण ती मांडली नाही तर ऐन वेळी धक्का बसतो. जुन्या 1986 च्या कायद्यातल्या स्पष्टीकरणात 'वस्तू' आणि 'सेवा' दोन्ही शब्द होते. 2019 च्या कायद्यात स्पष्टीकरणात फक्त 'वस्तू' राहिलंय, सेवा शब्द गळाला. आणि बिल्डरचं बांधकाम हे कायद्यानं सेवेत मोडतं, 1993 च्या लखनऊ विकास प्राधिकरणाच्या निकालापासून. त्यामुळे हुशार वकील म्हणणार की पोटापाण्याची सवलत वस्तूला आहे, तुमच्या सेवेला नाही. रोहित चौधरीची तक्रार जुन्या कायद्यातली होती हेही तो सांगणार. माझ्या मते स्वतःच्या हातानं काम करणाऱ्या बाईला एका गळालेल्या शब्दावरून बाहेर काढणं कायद्याच्या हेतूतच बसत नाही आणि हे ठासून मांडायला पाहिजे, पण मुद्दा येणार हे धरूनच तयारी करा.

दुसरं, कुणी काय सिद्ध करायचं. 2024 च्या श्रीराम चिट्सच्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की खरेदी व्यापारी प्रयोजनासाठी होती हे आधी समोरच्यानं सिद्ध करायचं, नुसतं म्हणून चालत नाही. त्यानं ते केलं तर मग उपजीविकेचं ओझं तक्रारदारावर येतं. म्हणून शपथपत्रात स्वच्छ लिहा की शिवणकाम हेच उत्पन्नाचं साधन आहे, गाळ्यात स्वतः बसणार, भाड्यानं किंवा विकायला घेतलेला नाही, दुसरा गाळा नाही. सोबत शॉप अॅक्ट किंवा उद्यम नोंदणी, बँकेचा उतारा, कर्जाचे कागद, असेल तर मशीनची बिलं. आणि हे सगळं खरं असेल तरच लिहा, खोटं निघालं तर बाकीच्या मुद्द्यांवरचाही विश्वास जातो.

जालना_मोंढा:
ताई मग महारेराचं मी म्हणलो ते चुकीचं का?

धाराशिवची_ताई:
नाही हो दादा, चांगलं सुचवलंत. रेरा कायद्याला 'ग्राहक' हा शब्दच लागत नाही, तिथं 'अलॉटी', म्हणजे ज्याच्या नावानं जागा दिली तो, चालतो, आणि कलम 2 च्या व्याख्येत दुकान, ऑफिस, शोरूम, गोडाऊन सगळं येतं. तुमच्या अडत्यालाही तिथं कोणी विचारणार नव्हतं की भाड्यानं देणार का स्वतः बसणार. ताबा वेळेवर नाही दिला तर कलम 18 खाली पैसे व्याजासकट परत मागता येतात, नाहीतर ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज. अडचण एवढीच की प्रकल्पाची जमीन 500 चौरस मीटरपर्यंत किंवा गाळे-फ्लॅट मिळून आठपर्यंत असतील तर प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही, आपल्याकडच्या गावात असली छोटी कॉम्प्लेक्स खूप, म्हणून आधी महारेराच्या साईटवर नाव शोधा. रेरा आहे म्हणून ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही हे 2020 च्या इम्पीरिया स्ट्रक्चर्सच्या निकालात आलंय, फक्त एकाच मागणीसाठी दोन्हीकडं एकदम जाऊ नका, एक निवडा.

परभणीवाला:
मधीच विचारतो, गाळा नाही नुसता प्लॉट घेतला तर?

पूर्णाकाठ:
नुसती जमीन विकली आणि ताबा दिला नाही एवढंच असल तर ग्राहक आयोग नाही, दिवाणी कोर्ट, असं 2013 च्या गणेशलाल विरुद्ध श्याम निकालात आहे. पण लेआउट पाडून रस्ते, नाल्या, लाईट देतो म्हणून विकला असल तर ती सेवा, तिथं ग्राहक होता येतं. तो 2012 चा नार्ने कन्स्ट्रक्शनचा निकाल. तुमच्या इसारपावतीत काय कबूल केलंय ते वाचा, नुसता गट नंबर अन चतुःसीमा आहे का बाकीचंही आहे.

गोलाईकर:
ताई, आमची तक्रार तर आधीच दाखल झाली आणि तिच्यात उपजीविकेचं वाक्यच नाही, नुसतं गाळा बुक केला अन ताबा नाही एवढंच लिहिलंय. आता?

धाराशिवची_ताई:
तक्रार दुरुस्त करायला आयोगाकडं अर्ज द्या, उशीर नका लावू, पुरावा सुरू झाल्यावर बिल्डर म्हणल हे मागून सुचलं. सोबत पुराव्याच्या शपथपत्रात वहिनीच्याच शब्दात लिहून घ्या, कधीपासून शिवते, कुठं बसते, महिन्याला साधारण काय पडतं, घर कशावर चालतं. वकिलाच्या छापील मजकुरापेक्षा ते जास्त चालतं. आणि ती पुढची खोली, मशीन, माप घ्यायची वही यांचे फोटो जोडा.